कंचनकाकींचे मुनीमजी

कंचनकाकींच्या घरी कुणीही आलं, की आधी पाणी आणि मग मुनीमजी. पाहुण्याच्या हातातला पेला रिकामा व्हायच्या आत काकी त्याला दंडाला धरून उठवायच्या आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात न्यायच्या. गॅसचं सिलिंडर आणणारा असो, विम्याचा माणूस असो, नाहीतर नव्यानं जुळलेले व्याही असोत.

"देखो, देखो, आमचे मुनीमजी. जल्दी न्हाई करायची. आधी ते तुमाला बघतील, मंग तुमी त्यांना बघा."

तिथं पाळण्याएवढी काचेची पेटी होती. आत खारं पाणी, खडबडीत दगड आणि एका दगडावर दोन्ही कोपरं टेकून बसावं तसा बसलेला, बोटाएवढा एक मासा. रंग चिखलाचा. अंगावर मळकट ठिपके. पाहुणा बराच वेळ दुसराच मासा शोधत राहायचा आणि मग म्हणायचा, "हा होय? मला वाटलं दगडाचाच तुकडा हाय." काकींना तेच ऐकायचं असायचं. त्या तोंडावर पदर घेऊन खुदखुदून हसायच्या.

मी त्यांच्याकडे धुण्याभांड्याला आणि फरशीला होते. जालन्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. खाली बियाण्याचं दुकान, वर राहणं. राजस्थानातून त्यांची माणसं कधी आली ते काकींनाही सांगता यायचं नाही. "आमचे जुने लोक उंटावर आल्ते की बैलगाडीत, देवाला माहीत," म्हणायच्या. काकींचे मालक वारलेले. मुलगा दुकान बघायचा, सून ममताभाभी घर बघायची. नातू रौनक पुण्याला शिकायला होता आणि तिथं त्यानं खोलीत हा समुद्र पाळला होता. त्याला दुबईला नोकरी लागली, तेव्हा तो समुद्र उचलून त्यानं आजीकडे आणून ठेवला. तीन मासे होते. दोन नारंगी, देखणे. ते प्रवासात घाबरले ते घाबरलेच, काही दिवसांत गेले. काकींनी दोघांसाठी बसून नवकार मंत्र म्हटला. उरला तो हा. आणताना याच्याकडे कुणी धड बघितलंही नव्हतं.

"हा खातो काय रे?" काकींनी रौनकला फोनवर विचारलं तेव्हा मी फरशी पुसत होते. त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजात असायचा, सगळ्या घरानं ऐकावं असा.

"काई खाता है, दादी. दगडावर, काचेवर हिरवं येतं ना, तेच."

"आणि?"

"और कुछ नहीं. समुद्राच्या काठाला उथळ पाण्यात खडक असतात, तिथं बसून दिवसभर काई खरवडत राहतो. पूरा शाकाहारी है."

काकींनी फोन छातीशी धरला. "ममता! सुना? शुद्ध शाकाहारी!" त्यांच्या जैन घरात मासा आल्यामुळे इतके दिवस त्यांच्या तोंडावर जो एक ताण होता, तो त्या क्षणी सुटला. तो मासा त्या घरचा झाला.

नावही त्यांनीच ठेवलं. डोळ्यांवर त्याला दोन बारीक तुरे होते, पिकल्या भुवयांसारखे. त्या भुवया वर करून, कोपरं टेकून, येणाऱ्याजाणाऱ्याला जोखत तो बसायचा. "आमच्या सासऱ्यांच्या गादीवरचा मुनीम बराबर असाच बसायचा," काकी म्हणाल्या. त्याचे डोळे वेगवेगळे फिरायचे. एक माझ्या फडक्यावर असला, तर दुसरा भाभींच्या कुकरवर. पोहणं त्याला फारसं जमायचं नाही, एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उडी मारत जायचा. घाबरला की शेपटीकडून बिळात शिरायचा आणि तोंड तेवढं बाहेर ठेवायचा. बंदच्या दिवशी अर्धं शटर ओढून दुकानदार बाहेर डोकावतो ना, तसा. खाताना मात्र त्याला कशाचंच भान नसायचं. काचेला तोंड लावून खरडत खरडत वर जायचा, आणि तो गेल्यावर हिरव्या काचेवर त्याच्या ओठांचे लहान लहान गोल राहायचे. मला काच बाहेरून पुसायची परवानगी होती. आत हात घालायची नाही.

"आतलं पुसू नको हं, इंदू. ते त्यांचं ताट हाय."

काकी अंगानं जाड होत्या, गुडघ्यांनी अधू आणि तोंडानं फार गोड. "देखके" हा त्यांचा शब्द. दार लावताना देखके, केर काढताना देखके, उकळतं पाणी मोरीत ओतताना तर नकोच, आधी थंड होऊ दे. मुंग्यांची रांग लागली तर त्या स्वतः जमिनीवर बसून चिमटीनं पिठाची रेघ ओढायच्या, स्वयंपाकघरातून जिन्याकडे, जिन्यातून बाहेर, आणि मुंग्यांना सांगायच्या, "इकडून जा बायांनो, तिकडं ममता हाय." दिवस मावळला की त्या अन्न सोडाच, पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. म्हणून दिवस मावळला की पेटीवरचा दिवाही बंद. रौनक म्हणायचा, रात्री थोडा वेळ चालू राहिला तरी चालतो. काकी म्हणायच्या, "मी खात न्हाई तर ते कसे खातील? एका घरात दोन नियम न्हाई चालत."

आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या पाण्यातून मुनीमजींचा वाटा आधी निघायचा. गाळलेलं पाणी, त्यात पार्सलनं आलेलं मीठ, मग एका काचेच्या नळीत मोजून बघणं. डोळ्यांना चष्मा लावून काकी ते करायच्या तेव्हा भाभी मला डोळ्यांनी खुणवायच्या, की बघ, डॉक्टरीणबाई बसल्यात.

माझी मात्र त्या पेटीसमोर उभं राहताना पंचाईत व्हायची. माझं माहेर तीर्थपुरीकडचं, गोदावरीच्या काठचं. आमच्यात मासे खातात. माझे मालक रविवारी घेऊन यायचे. सोमवारी कामाला येण्याआधी मी हात बेसनानं धुवायचे, मग लिंबानं, मग परत साबणानं. तरी वाटायचं, वास येतोय. त्या घरात मी कधीच सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. एकदा काकी मासा बघता बघता सहज म्हणाल्या, "इंदू, तुमच्या गोदावरीत असतात का गं असे? कसे बसतात, कसे खातात?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "काकी, आमी मासा जिता लई येळ बघत न्हाई."

भाभी स्वयंपाकघरात हसल्या. मला जमीन फाटून आत जावं असं झालं. काकी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मंग आता बघ." आणि स्वतःच्या शेजारची फरशी हातानं झटकून मला बसायला जागा केली. मी बसले नाही. ओला फडका हातात घेऊन उभीच राहिले.

असं वर्ष गेलं. मग चातुर्मास लागला आणि गावातल्या जैन स्थानकात महासतीजी मुक्कामाला आल्या. महासतीजी म्हणजे त्यांच्या साध्वी. अनवाणी चालतात, तोंडाला पांढरी पट्टी बांधतात, आणि घरोघर जाऊन थोडं थोडं अन्न घेतात. त्यांच्यासाठी म्हणून केलेलं घेत नाहीत. आणि देणाऱ्याच्या हाताला कच्चं, म्हणजे न उकळलेलं पाणी किंवा हिरवा पाला लागलेला असेल, तर त्या दारातून तशाच परत जातात. त्यात राग नसतो, नियम असतो. घर असूझतं झालं म्हणतात. काकी त्या वेळेला इतक्या जपून असायच्या, की सकाळपासून नळाला हात लावायच्या नाहीत.

त्या दिवशी एक दगड कलंडून मुनीमजींच्या बिळाचं तोंड बंद झालं होतं. आत ते अडकले होते. काकींनी बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात घातला. दगड सरळ झाला, मुनीमजी बाहेर आले, आणि तेवढ्यात जिन्यातून शेजारच्या पुष्पाबाईंचा आवाज आला, "काकी! महासतीजी पधारल्या!"

काकी तशाच धावल्या. कोपरावरून पाण्याची धार लागलेली. "मत्थएण वंदामि! पधारो, पधारो, बडी कृपा!"

मोठ्या महासतीजींनी त्या हाताकडे बघितलं आणि उंबऱ्याच्या आत टाकलेलं पाऊल मागे घेतलं. "असूझता हो गया, श्राविकाजी. फिर कभी."

काकींचं तोंड उतरलं. पण सवय कुठं जाते? त्या म्हणाल्या, "ह्या जीवापायी झालं, महासतीजी. अडकला होता. फार गरीब जीव हाय, शुद्ध शाकाहारी. फक्त काई खातो."

बरोबरच्या लहान महासतीजींनी दारातूनच पेटीकडे पाहिलं. आवाज अगदी मऊ होता त्यांचा. "काई, यानी लीलन? उसमें तो अनंत जीव होते हैं. आप आलू-गाजर जिस कारण छोड़ते हो, वही कारण."

आणि दोघी जिना उतरून गेल्या. पुष्पाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या खाली बघत त्यांच्या मागे गेल्या.

काकी तिथंच उभ्या. पाणी फरशीवर ठिबकत होतं. मी फडका घेऊन पुढं झाले तर म्हणाल्या, "राहू दे." मग, मला नाही, भाभींनाही नाही, अशाच म्हणाल्या, "लोकांना दंडाला धरून दाखवत होते मी."

त्यांना कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. कुणी रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी पेटीवर काकींच्या मालकांचं जुनं धोतर पडलं. दिवा बंद, खिडकी बंद. काकींचा हिशेब साधा होता. उजेड नसला तर नवी काई येणार नाही. जी जन्मालाच आली नाही ती मरणारही नाही. होती ती पुसायची नाही, पुसली तर तेही मारणंच. मुनीमजींना दुसरं काहीतरी खायला शिकवायचं.

शिकवायचं म्हणजे काय काय! भिजवलेल्या मुगाची डाळ, साल काढून. भाताचं शीत. खाकऱ्याचा चुरा. उकडलेला पालक दोऱ्यानं दगडाला बांधून. रौनकनं कसल्या तरी गोळ्यांचं पाकीट पाठवलं, पण भाभींनी त्यावरचं वाचलं तर त्यात माशांची भुकटी. ते पाकीट काकींनी चिमट्यानं धरून खाली दुकानात पाठवलं. मुनीमजी धोतराखालच्या अंधारात दगडावर बसून त्या डाळीकडे बघायचे. काचेवर जुनं जे काही उरलं होतं ते त्यांनी खरवडून संपवलं. पालकाला एकदोनदा तोंड लावलं. तेवढ्यात पर्युषण लागलं, आणि त्या आठ दिवसांत त्या घरात हिरवं पान शिजत नाही. पालकही बंद.

पर्युषणाच्या दुसऱ्यातिसऱ्या दिवशी पुष्पाबाई आल्या. त्यांना सगळ्या गोष्टी उचलून बघायची खोड. धोतर वर केलं.

"अगं बाई, ही डाळ तशीच! खात न्हाई हा?"

"न्हाई खात," काकी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"झाले की काही दिवस."

"म्हणजे पर्युषण लागलं तेव्हापासून!" पुष्पाबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "काकी, ह्यानं तर अठाई पचक्खली!"

अठाई म्हणजे आठ दिवसांचा कडक उपास, आणि पचक्खणं म्हणजे तसा नेम घेणं. तो करणाऱ्याला फार मान. काकींनी तरुणपणी कितीदा केला होता. या वर्षी साखरेमुळे डॉक्टरांनी एक वेळचंही जेवण सोडू दिलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना फार लागलं होतं.

"न्हाई गं पुष्पा, तसं न्हाई ते..."

पण पुष्पाबाई जिना उतरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जिन्यात चपला मावेनात. उपास करणाऱ्याच्या घरी जाऊन त्याला साता विचारायची त्यांच्यात रीत आहे, बरं आहे ना, त्रास नाही ना, असं. बाया माशाला साता विचारायला आल्या. हात जोडून काचेसमोर वाकायच्या. एकीनं पेटीवर नारळ ठेवला. एक मोबाइलवर फोटो काढून राह्यली होती, तर मुनीमजी दगडाच्या मागे गेले. "किती निर्मोही!" ती म्हणाली. कुणाचं तरी पोर विचारायला लागलं, "मम्मी, तो प्रतिक्रमण पण करतो का?" त्याला चापट बसली. एक म्हातारी काकींचा हात धरून म्हणाली, "कंचन, तुझ्या शरीरानं झालं न्हाई ते तुझ्या घरच्या जीवानं केलं. तुझंच पुण्य हे."

मी तेव्हा काकींचं तोंड बघितलं. नको होतं बघायला. त्या शरमेनं लाल झाल्या होत्या, पण त्या लालीत दुसरंही काहीतरी होतं. दारातून महासतीजी परत गेल्यापासून जे तोंड मिटलं होतं, ते जरासं उमललं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि "चहा ठेवते" म्हणून आत गेल्या. आत येऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. चहा ठेवला नाही. पर्युषणात आलेल्या त्या बायांतली निम्मी चहा घेणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

मग काकींचंही जेवण कमी व्हायला लागलं. अर्धी पोळी मोडायची आणि ताट सरकवायचं. भाभी चिडायच्या, "मम्मीजी, तुमची शुगर!" काकी म्हणायच्या, "भूक न्हाई." सकाळी मी यायच्या आधी त्या धोतराचा कोपरा उचलून बघत असायच्या आणि माझी चाहूल लागली की सोडून द्यायच्या.

मीही बघायचे. गोल गरगरीत पोट होतं मुनीमजींचं, ते आत गेलं होतं. पाठीचा कणा वर आला होता. चिखलाचा रंग जाऊन राखेचा झाला होता. संवत्सरी म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, तिच्या आदल्या दिवशी मी धोतर उचललं तर ते दगडावर नव्हते. खाली वाळूत एका कुशीवर पडले होते. मी वाकले तेव्हा एकच डोळा माझ्याकडे वळला.

त्या दिवशी दुपारी बैठकीत बाया दाटून बसल्या होत्या. पुष्पाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होत्या, "उद्या स्थानकात तपस्व्यांचा सत्कार हाय. काकींना पुढं बसवायचं. मी नाव देऊन आले."

भाभींनी काकींना हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं. मी भांडी घासत होते.

"मम्मीजी, वो मर रहा है."

"मला दिसतंय."

"गच्चीवर ते पेटीतलं काढलेलं जुनं पाणी हाय ना पिपात, त्यात रौनकचे जादा दगड हायेत. उन्हानं हिरवेगार झालेत. एक आणून टाकला तर आत्ता वाचंल."

"आज? पर्युषणात? माझ्या हातानं?"

"तुमच्या हातानं कशाला? इंदू हाय की. तिला सांगते." आणि भाभी सहज म्हणाल्या, "तिला चालतं."

भाभी वाईट नव्हत्या. आवाजही रोजचाच होता. त्या घरात उंदराचा पिंजरा लावायचा तर इंदू, गादीत ढेकूण निघाले तर इंदू, दुकानातल्या माणसांसाठी पर्युषणात खालीच मेथी निवडायची तर इंदू. मी कधी त्याचं काही मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी मात्र माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. माझे हात राखेनं आणि पाण्यानं भरलेले होते, आणि मला एकदम वाटलं, हे हात सगळ्यांना दिसतायत. यांना सगळं ठाऊक आहे, सोमवारचं, रविवारचं, सगळं. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, म्हणूनच तर चालतं. हे कुणाला दाखवायचं नाही म्हणून लिहिते आहे. सांगायची वेळ आली तर मला आजही सांगता येणार नाही.

सांगितलं काम करायचं, एवढंच मला येतं. मी हात पुसले आणि जिन्याकडे वळले.

"थांब," काकी म्हणाल्या.

त्या स्वतः निघाल्या. बैठकीतून, बायांच्या मधून. बायांना वाटलं दर्शन करवतायत, त्यांनी पदर सावरले. काकी पेटीपाशी थांबल्याच नाहीत. गुडघ्यांमुळे त्या कधीपासून गच्चीवर गेल्या नव्हत्या. एका एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, कठड्याला धरून चढल्या. मी मागे, पडल्या तर सावरायला हात पुढं करून, पण न शिवता.

पिपातलं पाणी शेवाळून गेलं होतं. काकींनी बांगड्या मागे सारल्या. डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला चालतं, हे कुठल्या पोथीत लिहून राह्यलं गं?"

मी पिपाशेजारचं पातेलं उचललं.

"तुझ्या हातानं केलं तर माझं सुटलं का? तुला काय जीव न्हाई, तुला काय पाप लागत न्हाई?" माझ्यावर रागावल्यासारख्याच बोलत होत्या. मग त्यांनी हात घातला.

दगड वर आला तो हिरव्या केसांनी मढलेला. तो पातेल्यात धरून त्या खाली आल्या. धोतर ओढून काढलं. नारळ गडगडत खाली पडला. दिवा लावला आणि सगळ्या बायांच्या देखत कोपरापर्यंत हात पाण्यात घालून दगड मुनीमजींच्या तोंडाशी ठेवला.

"काकी!" पुष्पाबाई ओरडल्या. "हिरवं! आज!"

"ह्यानं अठाई केली न्हाई," काकी म्हणाल्या. त्यांची पाठ बायांकडे होती. "मी ह्याला उपाशी ठेवला. माझं पाप वाचावं म्हणून. आणि तुमी साता विचारायला आलात तेव्हा गप बसले, कारण मला बरं वाटलं."

बाया एकेक करून उठल्या. जिन्यात चपला शोधायला लागल्या. नारळ जिनं ठेवला होता, तिनं तो उचलून हळूच पिशवीत घातला.

मुनीमजी हलले नाहीत. आम्ही तिघी बघत होतो. मला वाटलं उशीर झाला. मग त्यांचा एक पर हलला. ते वाळूवरून घसटत, थांबत, दगडाला जाऊन टेकले. बराच वेळ नुसते टेकलेले. मग त्यांनी तोंड उघडलं आणि एक घास ओढला. हिरवा धूर उठावा तसं पाणी जरासं गढूळ झालं. आणखी एक घास. भाभी रडायला लागल्या.

काकींनी ते बघितलं नाही. त्या स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. बोटांना हिरवं चिकटलेलं होतं. मी साबण पुढं केला, तर त्यांनी मान हलवली. धुतलं असतं तर तेही मेलं असतं. तो हात अंगापासून लांब धरून त्या उभ्या राहिल्या. शेवटी परत पेटीतच बुडवून त्यांनी तो हळूहळू चोळला, म्हणजे जे निघेल ते त्याच पाण्यात राहील.

संवत्सरीला मी भाभींची पिशवी घेऊन स्थानकापर्यंत गेले होते. पायरीवर बसले. दारातून दिसायचं. काकी सगळ्यात मागे, चपलांच्या जवळ बसल्या होत्या. तपस्व्यांची नावं घेतली. काकींचं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्यात सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची असते, त्यामुळे पुष्पाबाईंनाही यावं लागलं. हात जोडून "खमत खामणा" म्हणाल्या, पण डोळे बाजूच्या खांबाकडे होते. काकी वाकून वाकून सगळ्यांना म्हणत होत्या, ज्या निघून चालल्या होत्या त्यांच्या पाठींनाही.

घरी आल्यावर त्या माझ्यापुढं उभ्या राहिल्या आणि हात जोडले. "खमत खामणा, इंदू. माझ्या घरात तसं बोललं गेलं."

"काकी, असं नका ना करू," मी म्हणाले. दरवर्षी त्या घरात ऐकून मला ते शब्द पाठ होते. मीही उलट म्हणायचे असतात, एवढंही ठाऊक होतं. माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी माझे हात पदराखाली घेतले आणि त्यांच्या पायांच्या बोटांकडे बघत राहिले. भाभी गॅसजवळ उभ्या होत्या. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

काकींनी नंतर महासतीजींकडे जाऊन सगळं सांगितलं आणि प्रायश्चित्त घेतलं म्हणे. काय मिळालं ते कुणाला कळलं नाही. दिसलं ते एवढंच. धोतर गेलं. रोज सकाळी काकी गच्चीवरून दगड मागवत नसत, स्वतः चढून आणत. पेटीत ठेवत. मग आसन घालून, तोंडाला पट्टी बांधून, पेटीकडे पाठ करून सामायिकाला बसत. मागे मुनीमजी खात असत आणि पुढे काकी भिंतीकडे तोंड करून माळ ओढत असत. सामायिक संपेपर्यंत आसन सोडायचं नाही आणि संसाराचं बोलायचं नाही, असा नियम. पाहुण्यांना पाणी मिळे, पण दंडाला धरून कुणाला नेणं बंद झालं. कुणी आपणहून विचारलं, "काकी, तुमचा मासा?" तर म्हणत, "हाय, एक जीव हाय," आणि विषय बदलत. मुनीमजी पुन्हा गोल झाले. त्यांना कशाचं काहीच नव्हतं.

पुढं माझ्या मालकांना अंबडला कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागलं आणि आम्ही जालना सोडलं. जायच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. भाभींनी मला साडी दिली, मुलांसाठी लाडू दिले. "मम्मीजी सामायिकात हायेत," म्हणाल्या. "थांबतीस का?"

एस.टी.ची वेळ झाली होती. मी बैठकीच्या दारात उभी राहिले. काकी बाजूनं दिसत होत्या, रुंद, पांढऱ्या पातळात, हातात माळ, तोंड दारालगतच्या भिंतीकडे. पेटी त्यांच्या आड गेली होती. माझी चाहूल त्यांना लागली. माळ थांबली. त्या बोलू शकत नव्हत्या, उठूही शकत नव्हत्या. मी नुसती वाकले, लांबूनच.

तेव्हा काकींनी दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि बसल्या बसल्या, आसनासकट, कण्हत, थोड्या थोड्या बाजूला सरकल्या. माझ्यासमोरची पेटी मोकळी झाली. हिरवा दगड आणि त्याला लागलेले मुनीमजी, खात असलेले.

मी बघितलं. काकींनी मान वळवली नाही. त्यांचं तोंड भिंतीकडेच होतं, आणि थोड्या वेळानं माळ पुन्हा सुरू झाली.